संशोधन-पत्रिकांचा खोटा बाजार

एखाद्या महाविद्यालयांत नुकताच लागलेला तरुण अध्यापक सकाळीं आपली ई-मेल उघडतो, तों त्याला एक अपरिचित पत्र दिसतें. पत्राची भाषा मोठी गोड असते. आपला थोर निबंध आमच्या संपादक-मंडळानें अत्यंत आदरपूर्वक वाचला, आपल्यासारख्या विख्यात विद्वानाचा लेख आमच्या आगामी अंकाला भूषण होईल, तरी तो येत्या आठ दिवसांत धाडावा, अशी त्यांत विनंति असते. ह्या तरुणाचा आजवर छापून आलेला एकुलता एक निबंध उंसाच्या शेतांतील ओलाव्यावर आहे आणि आमंत्रण देणारें नियतकालिक पोटाच्या शस्त्रक्रियेला वाहिलेलें आहे, ही विसंगति प्रथमदर्शनीं त्याच्या लक्षांत येत नाहीं. आलीच तरी स्तुतीच्या भरांत ती विरून जाते. घरांतील मंडळींना तर धन्यता वाटते. मुलाला परदेशांतून बोलावणें आलें, असें वडील शेजारीं सांगून येतात. निबंध जातो, चार दिवसांत स्वीकारला जातो, आणि पांचव्या दिवशीं बिल येतें.

ह्या व्यवहारांत फसवणूक नेमकी कोठें झाली, हें सामान्य वाचकाला चटकन् उमगत नाहीं. लेख छापला गेला, पैसे घेतले गेले. छापखान्यालाहि पैसे द्यावेच लागतात. मग बिघडलें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर संशोधन-पत्रिका ही वस्तु मुळांत कशासाठीं जन्मली, येथपासून प्रारंभ करावा लागतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं १६६५ सालीं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हें नियतकालिक सुरू केलें. तें आजहि निघत आहे. कोणता शोध कोणी व केव्हां लावला याची नोंद राहावी, आणि तो इतर जाणत्यांच्या नजरेखालून जावा, हीं अशा नियतकालिकांचीं दोन मुख्य कामें होत. यांपैकीं दुसऱ्या कामांतूनच पुढें परीक्षणाची पद्धति वाढली. संपादकाकडे निबंध आला म्हणजे तो त्या विषयांतील दोन-तीन तज्ज्ञांकडे जातो. हे परीक्षक बहुधा पडद्याआड राहतात, बहुधा विनावेतन काम करतात, आणि प्रयोगांत कोठें खोट आहे, निष्कर्ष पुराव्याच्या पुढें धांवले आहेत काय, हें लिहून कळवितात. त्यांच्या शेऱ्यांप्रमाणें लेखकाला निबंध दुरुस्त करावा लागतो, किंवा तो परत घ्यावा लागतो. ही पद्धति वाटते तितकी प्राचीन मात्र नव्हे. ‘नेचर’सारख्या नामांकित साप्ताहिकानेंहि बाहेरच्या परीक्षकांकडून प्रत्येक निबंध तपासून घेण्याचा नियम १९७३ सालीं केला.

परीक्षणाची किंमत काय असते, हें एका थोर पुरुषाच्या बाबतींत घडलेल्या गोष्टीवरून समजतें. १९३६ सालीं अल्बर्ट आइन्स्टाइन व त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनीं गुरुत्वीय लहरींवरचा एक निबंध अमेरिकेंतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. अशा लहरी असूंच शकत नाहींत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनीं तो एका परीक्षकाकडे दिला व त्याचे प्रतिकूल शेरे आइन्स्टाइनना धाडले. आइन्स्टाइन रागावले, आपला निबंध छापण्यापूर्वीं कोणा तज्ज्ञाला दाखविण्याची मोकळीक आपण दिली नव्हती, असें त्यांनीं कळविलें आणि निबंध परत घेतला. परंतु परीक्षकाचें म्हणणें खरें होतें. तो निबंध पुढें १९३७ सालीं दुसऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याचा निष्कर्ष बदललेला होता. आइन्स्टाइनसारख्यालाहि जी चाळणी चुकीपासून वांचवूं शकली, ती चाळणी विकत न देतां तिच्या नांवावर पैसे घेणें, हें शिकारी प्रकाशकाच्या धंद्याचें सार आहे.

आतां ही कीड नेमकी कोठून लागली, तें पाहिलें पाहिजे. पूर्वीं संशोधन-पत्रिकांचा खर्च वर्गणीदार सोशीत असत, आणि वर्गणीदार म्हणजे मुख्यतः ग्रंथालयें. वर्गण्या वाढत वाढत इतक्या वाढल्या कीं, सधन देशांतील विद्यापीठेंहि कुरकुरूं लागलीं. गरीब देशांतील महाविद्यालयांची तर गोष्टच नको. सरकारी पैशानें झालेलें संशोधन सरकारी पैशानेंच पुन्हां विकत घ्यावें लागावें, हा न्याय पुष्कळांना पटेना. २००२ सालच्या बुडापेस्ट येथील घोषणेनें, इंटरनेटच्या साह्यानें संशोधन-वाङ्मय सर्वांना विनामूल्य वाचतां यावें, असा आग्रह धरला. ह्या पद्धतीला ‘ओपन ॲक्सेस’ किंवा मुक्त प्रवेश असें म्हणतात. कल्पना उदात्त होती, आणि आहे. मिरजेच्या किंवा मडगांवच्या डॉक्टरला आज जे निबंध घरबसल्या फुकट वाचतां येतात, ते तिच्याचमुळें. पण वाचक पैसे देणार नसेल तर खर्च कोणी सोसावा? कांहीं ठिकाणीं तो विद्वत्-संस्था सोसतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचीं नियतकालिकें तिच्या संकेतस्थळावर अशाच रीतीनें खुलीं आहेत. इतर अनेक ठिकाणीं मात्र तो लेखकाकडून, म्हणजे बहुधा त्याच्या संस्थेकडून, शुल्काच्या रूपानें घेतला जाऊं लागला.

येथें गिऱ्हाईक बदललें. वर्गणीदारांवर जगणाऱ्या प्रकाशकाला वाचक सांभाळावा लागतो. रद्दी छापली तर वर्गणी बंद पडेल ही धास्ती त्याला असते. स्वीकारलेल्या प्रत्येक निबंधामागें पैसे घेणाऱ्या प्रकाशकाला मात्र परत पाठविलेला प्रत्येक निबंध म्हणजे बुडालेलें उत्पन्न होय. प्रामाणिक प्रकाशक हा मोह आवरतो, कारण त्याला आपल्या नांवाची चाड असते. अप्रामाणिकाला मोह आवरण्याचें कारणच उरलें नाहीं. एक संकेतस्थळ, एक भारदस्त नांव आणि बँकेंतील एक खातें, एवढें भांडवल ह्या धंद्याला पुरूं लागलें.

अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील ग्रंथपाल जेफ्री बील यांनीं २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना ‘प्रिडेटरी’, म्हणजे शिकारी, हें नांव दिलें आणि संशयास्पद प्रकाशकांची एक यादी लोकांपुढें ठेवली. २०१७ च्या जानेवारींत त्यांनीं ती काढून घेतली. ती यादी एकट्या माणसाच्या मतावर चालते, आणि गरीब देशांतील साध्या पण सरळ प्रकाशकांनाहि तींत डाग लागतो, असे आक्षेप तिच्यावर घेतले जात; ते सर्वस्वीं निराधार नव्हते. तरीहि रोगाला नांव दिल्याचें श्रेय त्यांचेंच. हा रोग किती झपाट्यानें पसरला, याचा एक अंदाज फिनलंडमधील दोन संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणें अशा नियतकालिकांतून २०१० सालीं सुमारें ५३,००० निबंध छापले गेले होते, ते २०१४ सालीं सुमारें ४,२०,००० झाले. लेखकाकडून घेतलें जाणारें शुल्क सरासरीनें १७८ डॉलर होतें, आणि लेखकांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश आशिया व आफ्रिका या खंडांतील होते.

ह्या नियतकालिकांतून परीक्षण होतें कीं नाहीं, हें पाहण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग ‘सायन्स’ ह्या अमेरिकन साप्ताहिकासाठीं जॉन बोहॅनन यांनीं २०१३ सालीं केला. गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल ज्या जातकुळीचें, त्या लायकेन नांवाच्या जातकुळींतून काढलेलें एक द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारतें, असा एक बनावट निबंध त्यांनीं रचला. लेखक काल्पनिक, त्याची संस्थाहि काल्पनिक. निबंधांत चुका अशा ठळक ठेवल्या होत्या कीं, त्या विषयाचा सामान्य विद्यार्थीहि त्या दाखवूं शकला असता: मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो असें मजकूर सांगतो, पण सोबतची आकृति नेमकें उलट दाखविते, आणि किरणांच्या प्रयोगांत तुलनेसाठीं ठेवलेल्या पेशींवर किरण सोडलेच नव्हते. हा निबंध ३०४ मुक्त नियतकालिकांकडे गेला. १५७ नीं तो स्वीकारला, ९८ नीं नाकारला. बाकीचीं एक तर बंद पडलेलीं निघालीं किंवा त्यांचा निर्णय झाला नव्हता. भारतांत ठाणें असलेल्या नियतकालिकांपैकीं ६४ नीं स्वीकारला आणि फक्त १५ नीं नाकारला, हा आंकडा येथल्या वाचकांनीं विसरूं नये. स्वीकारणारांत जगांतील कांहीं बड्या व प्रतिष्ठित प्रकाशकांचीं नियतकालिकेंहि होतीं, हेंहि न विसरलेलें बरें.

दुसरा प्रयोग पोलंडमधील संशोधकांचा. ॲना ओ. शुस्ट या नांवाची एक विदुषी त्यांनीं कल्पनेंतून निर्माण केली. पोलिश भाषेंत ‘ओशुस्ट’ या शब्दाचा अर्थ ठक असा आहे. तिच्या नांवावर एकहि भक्कम निबंध नाहीं, संपादनाचा अनुभव नाहीं, असें तिचें टिपण तयार करून, आपल्याला संपादक नेमावें असा अर्ज तिच्यातर्फे ३६० नियतकालिकांकडे धाडला. २०१७ सालीं ‘नेचर’मध्यें ह्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ४८ ठिकाणीं ठकबाईंची नेमणूक झाली होती. त्यांतलीं ४० नियतकालिकें बील यांच्या यादींतलीं होतीं. कांहींनीं तर तिला थेट मुख्य संपादकच केलें.

आणि तिसरा प्रकार हा प्रयोग नव्हे, वैताग होय. अशा आमंत्रण-पत्रांना विटलेल्या पीटर व्हॅम्प्लू या ऑस्ट्रेलियन संगणकशास्त्रज्ञानें २०१४ सालीं एका नियतकालिकाला उत्तरादाखल, दोन अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनीं पूर्वींच विनोदानें रचून ठेवलेला एक ‘निबंध’ पाठवून दिला. आपल्या पत्त्यांच्या यादींतून मला काढा, अशा अर्थाचें सात शब्दांचें एक शिवराळ इंग्रजी वाक्य त्यांत प्रारंभापासून अखेरपर्यंत पुन्हां पुन्हां छापलेलें होतें. आकृत्यांतहि तेंच वाक्य होतें. परीक्षकानें त्याला ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला आणि १५० डॉलरची मागणी आली.

हंसूं येतें खरें, पण भारतांत ह्या प्रकरणाला एक गंभीर अंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनीं, पीएच्.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वीं परीक्षित नियतकालिकांत निदान एक निबंध प्रसिद्ध झालेला असावा, अशी अट घातली. २०१० च्या नियमांनीं अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकांना जोडल्या, आणि छापलेल्या निबंधांना गुण मिळूं लागले. हेतु चांगला होता. अध्यापकांनीं संशोधन करावें, एवढाच. परंतु ज्या महाविद्यालयांत प्रयोगशाळेला उपकरणें नाहींत, अध्यापकाला आठवड्यांतून एक मोकळी दुपार नाहीं, तेथें निबंध कोठून यावे? मागणी सरकारी आज्ञेनें निर्माण झाली आणि पुरवठा बाजारानें केला. अशा निबंधाच्या लेखकाला सरसकट ठक म्हणणें हा अन्याय होईल. त्यांत जाणून-बुजून पदोन्नति विकत घेणारे असतात, तसेच खरोखर राबून निबंध लिहिणारे आणि तो कोठें पाठवावा हें कोणीच न शिकविलेले अजाण विद्यार्थीहि असतात.

आयोगानें २०१७ सालीं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, आणि त्या यादींतच खोटीं नियतकालिकें शिरलीं. ह्या यादीची शास्त्रशुद्ध झडती पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांत भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतली, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह आहे. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादींत आलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून त्यांनीं १,३३६ यदृच्छेनें निवडलीं. मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत आधींच नोंदलेलीं वगळून १,००९ तपासलीं. त्यांपैकीं ३४.५ टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांचीं नांवें अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. आणखी ५२.३ टक्के नियतकालिकांनीं खोटी माहिती दिलेली होती. २०१८ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें हें संशोधन आलें, तेव्हां ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकें हलक्या दर्जाचीं असावींत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीं आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढलीं. २०१९ सालीं पुण्यांतील केंद्राच्या साह्यानें ‘केअर’ नांवाची नवी यादी आली. पीएच्.डी.साठीं निबंधाची सक्ति २०२२ च्या नियमांनीं गेली. पुढें २०२५ च्या फेब्रुवारींत आयोगानें ‘केअर’ यादीहि बंद केल्याचें जाहीर केलें आणि नियतकालिकाची पारख करण्यासाठीं कांहीं कसोट्या सुचवून, निवडीचें काम संस्थांवर व खुद्द लेखकांवर सोपविलें. म्हणजे आतां सरकारी शिक्का पाहून निर्धास्त होण्याची सोय राहिलेली नाहीं. ज्याची त्यानें ओळखावयास शिकलें पाहिजे.

ओळखावें कसें? आमंत्रण-पत्र ही पहिली खूण झाली. चांगलीं नियतकालिकें निबंधांची भीक मागत हिंडत नाहींत. दुसरी खूण म्हणजे वेळेचें आश्वासन. परीक्षक शोधावयाचे, त्यांनीं निबंध वाचावयाचा, शेरे लिहावयाचे, लेखकानें दुरुस्त्या करावयाच्या, यांत कित्येक आठवडे, बहुधा महिने जातात. ‘तीन दिवसांत स्वीकृति’ ही पाटी ज्या दारावर आहे, त्या दाराच्या आंत परीक्षण नाहीं असेंच समजावें. नांवांतहि एक खुबी असते. ‘इंटरनॅशनल’, ‘ग्लोबल’, ‘ॲडव्हान्स्ड’ अशा शब्दांची रेलचेल, एकाच अंकांत अभियांत्रिकी, संस्कृत काव्यशास्त्र, आयुर्वेद आणि व्यापार-व्यवस्थापन, आणि पत्ता अमेरिकेंतला पण बँकेचें खातें भलतीकडे. किराणा मालाच्या दुकानांत सर्व कांहीं एका छपराखालीं मिळणें सोईचें असतें. विद्वत्तेच्या बाबतींत तें संशयाचें कारण आहे.

सर्वांत अधिक फसगत होते ती आंकड्यांनीं. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा शब्द प्राध्यापकांच्या घरांतून आतां जेवणाच्या पाटावरहि ऐकूं येतो, म्हणून त्याचा अर्थ नीट सांगणें इष्ट आहे. एखाद्या नियतकालिकानें मागील दोन वर्षांत मिळून १०० निबंध छापले, आणि चालू वर्षांत इतर संशोधकांनीं त्या निबंधांचा एकंदर २५० वेळां आधार घेतला, तर त्याचा ह्या वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर २.५ झाला. हा गणिती आंकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दर वर्षीं आपल्या अहवालांतून प्रसिद्ध करते. दुसऱ्या कोणीहि ‘जागतिक’, ‘वैश्विक’ असें विशेषण लावून काढलेला आंकडा म्हणजे आपल्याच घरीं छापलेली नोट होय. असे आंकडे पैसे घेऊन वाटणारीं दुकानेंहि निघालीं आहेत. एक साधी कसोटी पाहावी: जें नियतकालिक गेल्याच वर्षीं जन्मलें, त्याच्यापाशीं दोन वर्षांचा हिशेब असेल कोठून? तरीहि त्याच्या मुखपृष्ठावर ५.७ असा आंकडा झळकत असेल, तर मुखपृष्ठ खोटें बोलत आहे.

तसाच गैरसमज आय.एस.एस.एन. ह्या आठ अंकी क्रमांकाविषयीं आहे. तो क्रमांक नियतकालिकाला ओळखण्यासाठीं असतो. दर्जाची हमी त्यांत अंशमात्रहि नसते. मोटारीवर नंबराची पाटी आहे, एवढ्यावरून चालविणारा शुद्धीवर आहे असें कोणी म्हणत नाहीं. ‘अमुक सूचींत समाविष्ट’ ह्या विधानाचेंहि तेंच. त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तें वाचून समाधान मानूं नये. त्या सूचीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन नांव आहे कीं नाहीं तें पाहावें. मुक्त नियतकालिकांची डी.ओ.ए.जे. नांवाची एक सूची स्वीडनमधील लुंड येथें २००३ सालीं सुरू झाली. तिनेंहि पुढें आपले नियम कडक करून २०१६ सालीं सुमारें ३,३०० नियतकालिकें एकदम गाळलीं. चांगल्या सूचींनाहि अधूनमधून घर झाडावें लागतें, एवढाच ह्याचा अर्थ.

संपादक-मंडळाची यादी वाचणें ही फार उपयुक्त व थोड्या श्रमाची कसोटी आहे. यादींतील दोन नांवें निवडावीं, तीं माणसें ज्या विद्यापीठांत आहेत असें म्हटलें आहे त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांना शोधावें, आणि आपण खरोखर ह्या मंडळावर आहांत काय, असें सरळ पत्र लिहून विचारावें. पुष्कळदां उत्तर येतें कीं, हें नियतकालिक आम्हीं कधीं ऐकलेंहि नाहीं. क्वचित् असेंहि निघतें कीं तो विद्वान् कैलासवासी होऊन कित्येक वर्षें लोटलीं. ह्याहून सोपी गोष्ट म्हणजे मागील अंकांतले आपल्या विषयावरचे तीन निबंध काढून वाचावे. ज्याला विषय येतो त्याला ते वाचतांना तासाभरांत दर्जा समजतो. आश्चर्य हें कीं, निबंध पाठविणारे बहुतेक लोक नेमकें हेंच करीत नाहींत.

सावध माणसालाहि चकविणारा एक प्रकार सांगितला पाहिजे. तो म्हणजे तोतया नियतकालिक. जिनीव्हाचें ‘आर्काइव्ह दे सिआंस’ आणि ऑस्ट्रियांतील वनस्पतिशास्त्राचें ‘वुल्फेनिया’ हीं दोन्ही जुनीं, सच्चीं नियतकालिकें. २०१२-१३ च्या सुमारास त्यांच्या नांवांचीं हुबेहूब खोटीं संकेतस्थळें कोणी तरी उभारलीं आणि निबंध व पैसे गोळा केले. येथें नांव खरें, क्रमांक खरा, इम्पॅक्ट फॅक्टरहि खरा. खोटें एकच, तें म्हणजे दार. अशा वेळीं छापील अंकावरील किंवा विश्वसनीय सूचींतील पत्त्यावरूनच आंत शिरावें. पत्रांतून आलेल्या दुव्यावरून जाऊं नये.

शुल्काच्या आंकड्यावरून मात्र निकाल देऊं नये. ‘नेचर’नें २०२१ पासून मुक्त प्रकाशनासाठीं लेखामागें ९,५०० युरो दर ठेवला, हा दर योग्य कीं अयोग्य यावर खुशाल वाद घालावा, पण ‘नेचर’ला कोणी शिकारी म्हणणार नाहीं. उलट, जिल्ह्याच्या गांवीं निघणारें, ओबडधोबड छपाईचें, अशुद्ध इंग्रजीचें एखादें नियतकालिक गरीब असेल, पण लबाड असेलच असें नाहीं. शुल्क किती, यापेक्षां तें आधीं उघड सांगितलें होतें काय, हा प्रश्न महत्त्वाचा. दहा देशांतील जाणकारांनीं ऑटावा येथें जमून ठरविलेली शिकारी नियतकालिकाची जी व्याख्या २०१९ सालीं ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध झाली, तिच्यांतहि शुल्काला स्थान नाहीं, विद्येपेक्षां स्वार्थाला प्राधान्य, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती, संपादनाच्या चांगल्या रीतींपासून ढळणें, व्यवहारांतील लपवाछपवी आणि लेखकांच्या मागें लागणें, यांवर तिचा भर आहे.

नुकसान केवळ लेखकाच्या खिशाचें होत नाहीं. वैद्यकांतील अशा संशयित नियतकालिकांमधले १,९०७ निबंध कॅनडांतील एका संशोधक-मंडळानें तपासले व २०१७ सालीं अहवाल दिला. त्या निबंधांत वीस लाखांहून अधिक माणसांची आणि आठ हजारांहून अधिक प्राण्यांची माहिती वापरलेली होती. त्यांचे निम्म्याहून अधिक लेखक सधन व मध्यम-सधन देशांतले होते; हा गरिबांचाच रोग आहे, ही समजूत त्यामुळें खोटी ठरली. आपल्या रक्ताचा नमुना किंवा आपल्या आजाराची हकीकत विद्येच्या उपयोगी पडेल, ह्या भावनेनें ज्यांनीं संमति दिली, त्यांचें दान अशा ठिकाणीं पडलें कीं तेथें तें कोणी तपासलें नाहीं, आणि बहुधा कोणी वाचलेंहि नाहीं. कोणी वाचलें तर तें अधिकच वाईट. कारण न तपासलेला औषधोपचार इंटरनेटवर तपासलेल्यासारखाच दिसतो, आणि घरांत रुग्ण असलेला माणूस उपाय शोधतांना नियतकालिकाची कुळी विचारीत बसत नाहीं.

कायद्याचा हात येथें क्वचितच पोंचतो. एक मोठें उदाहरण हैदराबादच्या ओमिक्स ह्या प्रकाशन-समूहाचें. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०१६ च्या ऑगस्टमध्यें त्याच्यावर फिर्याद केली: परीक्षणाविषयीं खोटीं विधानें, संमतीवांचून संपादक म्हणून छापलेलीं नांवें, निबंध स्वीकारल्यानंतर उघड होणारें शुल्क, आणि बड्या विद्वानांचीं नांवें त्यांना न विचारतां घालून भरविलेल्या परिषदा, असे तींत आरोप होते. नेव्हाडा येथील संघीय न्यायालयानें २९ मार्च १९ रोजीं, म्हणजे २०१९ सालीं, ओमिक्सविरुद्ध निकाल देऊन ५ कोटींहून अधिक डॉलर भरण्याचा हुकूम केला.

राहतां राहिला तो, ज्याचा निबंध आधींच जाळ्यांत सांपडला आहे असा लेखक. त्यानें घाबरून पैसे भरूं नयेत. हक्क सोडून देण्याच्या कागदावर सही झालेली नसेल, तर निबंध मागें घेत असल्याचें पत्र तारखेसह पाठवावें आणि त्याची प्रत जपून ठेवावी. मागें घेण्यासाठींहि दंड मागण्याची चाल ह्या लोकांत आहे. ती मागणी मान्य करण्यापूर्वीं संस्थेच्या ग्रंथपालाचा व मार्गदर्शकाचा सल्ला घ्यावा. तोच निबंध दुसरीकडे पाठविण्याची घाई करूं नये, कारण एक निबंध एकाच वेळीं दोन ठिकाणीं देणें हा विद्वत्-जगांत अपराध समजला जातो, आणि प्रामाणिक संपादक त्याबद्दल फसलेल्याचीहि गय करीत नाहीं. प्रकाशकाकडून उत्तरच आलें नाहीं, तर नव्या संपादकाला सर्व पत्रव्यवहार जोडून घडलेली हकीकत आरंभींच सांगावी. निबंध संकेतस्थळावर चढलाच असेल, तर तो नवा म्हणून पुन्हां कोठेंहि देतां येत नाहीं. त्यांतील प्रयोग पुढें नेऊन, नव्या मापांनीं व नव्या निष्कर्षांनीं दुसरा निबंध लिहावा, आणि पहिल्याचा उल्लेख त्यांत उघडपणें करावा.